शाळू

शाळू अंड्यातून बाहेर आला तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर विरळ पिवळी लव, आणि चोच अंगाच्या मानाने भलतीच मोठी. चार-पाच दिवसांनी डोळे उघडले, मग पिसांचे काटे फुटले, आणि महिन्याभरात जे पाखरू उभं राहिलं त्याचा रंग थेट मंगळवेढ्याच्या शाळूच्या टपोऱ्या दाण्यासारखा होता. थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, त्याला तेच नाव दिलं.

आमचं घर सोलापुरात बाळीवेशीत, मातीच्या माळवदाचं. आप्पा गिरणीत कामाला होते. पाळी संपवून आले की चहाच्या आधी शिडी चढून माळवदावर जायचे. तिथे त्यांची कबुतरांची ढाबळ होती. जुन्या फळ्या जोडून स्वतः केलेली, तोंड पूर्वेला, म्हणजे कोवळं ऊन आत यावं आणि पावसाची झड पाठीवर बसावी. चारही पायांना पत्रा गुंडाळलेला, त्यामुळे मांजराची नखं घसरायची. प्रत्येक जोडीला दोन खण. मला लहानपणी ही चैन वाटायची. पण एका खणात पिल्लं अजून खाऊ मागत असतानाच मादी पुढची अंडी घालायच्या तयारीला लागते. खण एकच असेल तर नव्या अंड्यांची आणि जुन्या पिल्लांची दोघांचीही आबाळ होते.

दाण्याला ज्वारी, बाजरी, मका आणि थोडी मसूर. शिवाय एका कुंड्यात विटेचा चुरा, शिंपल्यांचा भुगा आणि मीठ. कबुतराला दात नाहीत, दाणा पोटातल्या खड्यांनी दळला जातो, आणि अंड्याच्या कवचाला चुना लागतो. हे मिळालं नाही की ती घराच्या भिंती टोचत बसतात. पाण्याचं भांडं खोलगट हवं, कारण चिमणी-कोंबडीसारखं घोट घेऊन मान वर करणं कबुतराला माहीत नाही. चोच बुडवून ते एका दमात पाणी ओढतं. आंघोळीला वेगळी परात, आणि ती झाली की लगेच उचलायची. ओल म्हणजे ढाबळीत रोगराई, हे आप्पांचं ठाम मत होतं.

विष्ठा खरवडण्याआधी ते पाणी शिंपडायचे आणि नाकातोंडाला पंचा बांधायचे. कबुतराच्या पंखांवर बारीक पांढरी भुकटी असते. ती आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. आजीला हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, तरी तिने ढाबळ माळवदाखाली कधी उतरू दिली नाही. फ्लॅटच्या बंद बाल्कनीत, झोपायच्या खोलीला लागून कबुतरं ठेवणारे मी पाहतो तेव्हा मला त्या घरातल्या लेकरांची काळजी वाटते.

शाळू गिरेबाज होता. पहाटे सोडला की सरळ वर चढायचा, इतका की ठिपका व्हायचा, आणि तिथे कोलांट्या घ्यायचा. हिवाळ्यात बहिरी ससाणा दिसला की सगळा थवा आवळून एक व्हायचा आणि आणखी उंच जायचा. आम्ही माना वर करून, श्वास धरून उभे राहायचो. शाळू परत आला की माझ्या खांद्यावर बसेल असं मला वाटायचं. तो कधीच बसला नाही. थेट आपल्या खणात जायचा.

‘‘कबुतर माणसाचं नसतंय रं, जाग्याचं असतंय,’’ आप्पा म्हणायचे.

जागा आणि जोडीदार. दुसऱ्या वर्षी निळी नावाच्या मादीशी त्याची जोडी जमली. गळा फुगवून, शेपूट जमिनीला घासत तो तिच्याभोवती घुमायचा. मग काड्यांची ने-आण सुरू झाली. तो एकेक काडी आणून द्यायचा, ती बसल्या जागी अंगाखाली लावून घ्यायची. अंडी दोन. साधारण सकाळी दहापासून दुपार कलेपर्यंत शाळू अंड्यांवर, उरलेला दिवस आणि रात्रभर निळी. सतरा-अठरा दिवस हा क्रम चालायचा आणि पाळी बदलायला कुणाला हाक मारावी लागायची नाही. पिल्लं फुटली की दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत दह्यासारखं दाट, पौष्टिक दूध तयार होतं. पाखरांत बापानेही दूध पाजावं, हे मला तेव्हा जितकं अद्भुत वाटलं तितकंच आजही वाटतं.

मग आमचं माळवद गळायला लागलं, घर विकलं, आणि आम्ही जुळे सोलापुरात राहायला गेलो. ढाबळ उकलून टेंपोतून नेली, कबुतरं टोपल्यांत. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय की अकबराकडे वीस हजारांहून अधिक कबुतरं होती, आणि छावणी हलली की त्यांची खुराडी कहार वाहून नेत. बादशहाच्या कबुतरांना फिरत्या घराची सवय असेल. आमच्यांना नव्हती. आप्पांनी त्यांना जाळीतून नवा परिसर दाखवत कितीतरी आठवडे कोंडून ठेवलं. एका सकाळी दाणा न देता, उपाशीपोटी सोडलं. बाकीची दोन घिरट्या घालून उतरली. शाळूने उंची घेतली, एकदा वळला आणि उत्तरेला निघून गेला.

तो बाळीवेशीत सापडला. आमचं घर नव्या मालकाने पाडलं होतं, जागेवर विटांची रास होती आणि शाळू त्या राशीवर फिरत होता. सूर्याच्या जागेवरून, पृथ्वीच्या चुंबकत्वावरून कबुतराला वाट कळते असं शास्त्रज्ञ सांगतात. पण पोचल्यावर घरच नसेल तर त्याने काय करावं? आप्पांनी त्याला अंधार पडल्यावर पकडून आणलं. पुन्हा काही महिन्यांनी सोडला, पुन्हा तिकडेच गेला.

तेव्हापासून त्याला सोडणं बंद झालं. जुनं पाखरू नव्या जागी उडवायचं नाही, त्याची पिल्लं उडवायची, हा कबुतरवाल्यांचा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. तरी उडणाऱ्या जिवाला जाळीत ठेवणं मला सोसायचं नाही. आप्पांनाही सोसलं नसावं, कारण त्यांनी पगारातून पैसे काढून माणूस उभा राहील एवढी उंच, लांब जाळी बांधून घेतली. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाळू उडायचा. त्याची पिल्लं तिथेच जन्मली, त्याच आभाळात चढली, आणि एकही बाळीवेशीकडे गेलं नाही.

दहाव्या वर्षी थंडीत तो पिसं फुलवून बसून राहू लागला. आप्पा भिजवलेले हरभरे एकेक करून चोचीत घालायचे. गेला तेव्हा निळीखाली अंडी होती. दिवसाची पाळी घ्यायला कोणी आलं नाही, तशी ती दुपारी उठून दाण्यावर आली आणि अंडी उघडी पडली. आप्पांनी ती उचलून, त्याच दिवसांत अंड्यांवर बसलेल्या दुसऱ्या जोडीखाली सरकवली. दोन्ही फुटली. त्या जोडीने चारही पिल्लं पोसली, आप्पा तिला दुप्पट मसूर घालत होते.

उन्हाळ्यात एक तरणा नर निळीच्या खणासमोर घुमू लागला. आजीला ते आवडलं नाही, त्याला दुसरीकडे ठेवा म्हणाली. आप्पांनी खणातलं जुनं गवत काढलं, चुन्याचा हात फिरवला आणि जाळीत कडुनिंबाच्या कोरड्या काड्या टाकल्या.