सतरंजीखालचा रंग

शहाबादी फरशीला उन्हाचे फारसे सोयरसुतक नसते; जुन्या वाड्यांतील सागवानी तक्तपोशी किंवा आजच्या सदनिकांतील लाकडी जमीन मात्र प्रकाशाची नोंद ठेवते, आणि सतरंजी उचलली की ती नोंद वेगळ्या रंगाचा चौकोन होऊन समोर येते. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य अतिनील किरण, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडचे डोळ्यांना न दिसणारे किरण, शोषून हळूहळू विघटित होते. त्यामुळे ताज्या सागावरील हिरवट छटा विरून तो सोनेरी होतो, अक्रोड फिकटतो, तर चेरीचे लाकूड उलट गडद होते.

पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असल्याने दक्षिणेच्या खिडकीतले ऊन खोलीत दूरवर सरकते; अंगाला हवेहवेसे वाटणारे नेमके हेच ऊन जमिनीला भोवते. साधी काच अतिनील किरणांतील सर्वांत तीव्र भाग अडवते, पण बराचसा उरलेला आत सोडते. काचेवर चिकटवायची पारदर्शक फिल्म तोही रोखते खरी, तथापि दृश्य प्रकाशाने रंग उडणे तिने थांबत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. त्यापेक्षा दुपारी पडदा ओढणे आणि सतरंजीची जागा अधूनमधून बदलणे अधिक भरवशाचे ठरते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी लाकडी चौकटीत पातळ शिंपले बसवलेले आढळतात. त्यांतून झिरपणारा दुधी उजेड खोली उजळतो, पण जमिनीवर कवडशाची धारदार कड उमटू देत नाही.