चौथ्या घरातले पाच

घानातल्या टेमा बंदराजवळ आमच्या कंपनीचं गोदाम होतं. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारांना सगळे ‘वोफा’, म्हणजे मामा म्हणत; मीही म्हणू लागलो. ओवारे मला त्यांनी शिकवला.

लाकडी पटावर बारा घरं कोरलेली, सहा आपली, सहा समोरच्याची. प्रत्येक घरात चार, असे एकूण ४८ गोटे. आपल्या एका घरातले सगळे उचलायचे आणि उजवीकडे एकेक पेरत जायचं. शेवटचा गोटा समोरच्याच्या घरात पडून तिथे दोन किंवा तीन झाले, की ते आपले. २५ जमले की जिंकलात. वोफांचे राखाडी, गुळगुळीत गोटे पाहून मी चाटच पडलो. रत्नागिरीला आत्या ओसरीवर बसून झेलायची, तेच हे सागरगोटे!

ते २०१५ साल होतं. वीज सारखी जायची. या ये-जा करणाऱ्या विजेला तिथे ‘डुमसॉर’ म्हणत आणि वर विनोदही करत. अंधारात पटावरचे गोटे मोजणार कसे? मग मी मोबाइलवर ओवारे उतरवून घेतला. दोघांनी खेळायचा प्रकार लावला आणि फोन रखवालदाराच्या खोलीतल्या स्टुलावर आडवा ठेवला. घराघरावर गोट्यांचा आकडा दिसे. वोफांना त्याची गरज नव्हती, नजर टाकली की ते आकडा सांगत. पडद्यावर बोट मात्र इतकं जोरात दाबत, की फोन सरकायचा.

अशाच एका रात्री माझी साही घरं रिकामी झाली. समोरच्याकडे एकही गोटा उरला नाही, तर त्याच्यापर्यंत गोटा पोचेल अशीच चाल करावी लागते. फोन तर नियमात न बसणारी घरं मंद करून टाकतो, हटवादीपणाला वावच नाही. वोफांची दोन घरं उजळ राहिली. सहाव्यात एक गोटा होता, चौथ्यात पाच. सहावं घर खेळले असते तर मला एक गोटा मिळाला असता आणि नियमही पाळला गेला असता. वोफांनी चौथं दाबलं. दोन गोटे त्यांच्याच घरांत पडले, तीन माझ्याकडे आले.

“एक का नाही दिलात?” मी विचारलं.

“एका गोट्यात तू डोकं कशाला चालवशील?” वोफा म्हणाले.

खरंच होतं. एक गोटा असला की चालही एकच. तीन घरांत तीन असले, की निवड करावी लागते. तो डाव मी जिंकलो नाही. पण हरेपर्यंत खेळत होतो, नुसता गोटा ढकलत नव्हतो.

आता पुण्यात रात्री जेवणं आटोपली की मी फोनवर यंत्राशी खेळतो. नियम ते चोख पाळतं, पण एकात भागत असेल तर दुसरा गोटा सहसा सोडत नाही. त्याला दोष कसला द्यायचा? माझ्या हाताखाली नवा मुलगा रुजू झाला, की मी त्याच्यापुढे तीन कामं ठेवतो आणि कुठलं आधी करायचं ते त्यालाच ठरवू देतो. काही जण गोंधळतात. ऑफिसात याला माझी लहर समजतात. समजोत.

२००२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या जॉन रोमाइन आणि हेन्री बाल यांनी संगणकांना जुंपून हा खेळ पुरता सोडवला. सुमारे ८८,९०० कोटी स्थिती तपासल्या. दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, असं निघालं. वोफांची ती चालही त्या हिशेबात घालून पाहता येईल. बरोबर निघाली तर ते पट्टीचे खेळाडू होते, एवढंच सिद्ध होईल. चूक निघाली, तर मात्र माझ्यावरचं त्यांचं ऋण वाढेल.