परळच्या वाड्यातले हाफकिन

परळला उतरून केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या गर्दीतून वाट काढत आचार्य दोंदे मार्गाने गेलं की हाफकिन संस्थेचं आवार लागतं. जुनी इमारत पोर्तुगीज अमदानीतला पाद्र्यांचा मठ. पुढे ती मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान झाली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी इथेच पटकीने दगावल्या आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला. १८९९ मध्ये त्याच वाड्यात प्लेगची प्रयोगशाळा आली, तीही पटकीवर लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची.

ओडेसाच्या या ज्यू शास्त्रज्ञाच्या त्यागाची कथा बहुधा १० जानेवारी १८९७ पाशी थांबते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा एवढ्याच जागेत तीन महिन्यांत केलेली प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली, ताप सोसला. पण तो धोका त्यांनी आपणहून पत्करला होता. खरी झळ बसली ती पंजाबातल्या मलकोवालमुळे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिन यांनी कार्बोलिक अॅसिड वगळून उष्णतेने निर्जंतुकीकरण केलं होतं, त्यावर चौकशी आयोगाने बोट ठेवलं आणि ते निलंबित झाले.

एकोणीस माणसं गेल्यावर कुणी जाब मागू नये का? मागायलाच हवा, त्या घरांचं दुःख शास्त्रज्ञाच्या दुःखाहून कितीतरी मोठं. पण जाब मागायचा तर कारणाचा माग शेवटपर्यंत काढावा लागतो. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली मुंबईहूनच दूषित आली असती तर उघडताच वास आला असता. तो आल्याची नोंद नाही. तरीही दोष चिकटला तो लसीवर ज्यांचं नाव होतं त्यांना. ते डॉक्टर नव्हते, सरकारी वैद्यकीय सेवेतलेही नव्हते. त्यांची बाजू घेणारं आत कोण असणार?

१९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हे प्रकरण लावून धरलं, आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं, म्हणजे अन्याय धुतला गेला, असंही म्हणता येईल. ती कृतज्ञता खरीच. पण दोषमुक्तीनंतर नेमणूक झाली कलकत्त्याला, आणि तिथे माणसांवर लसीच्या चाचण्या करायची मुभा नव्हती. परळची प्रयोगशाळा परत मिळाली नाही. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.