दुसरी ताटातूट

कागदोपत्रीं दत्तविधान फार लवकर पुरें झाल्यासारखें वाटतें. ‘कारा’चें ना-हरकत पत्र, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा हुकूम, १९९३ च्या हेग कराराप्रमाणें मिळणारा दाखला, पारपत्र हीं सारीं हातीं पडलीं, आणि पुण्याहून टोरांटोस परततांना मला वाटलें, एका अनाथ पोरीला आपण घर दिलें.

पहिल्याच रात्रीं तो अभिमान उतरला. चार वर्षांची ती मुलगी चपला उशाशीं घेऊन निजली आणि मध्यरात्रीं उठून म्हणाली, “मावशी कधीं येणार?” मावशी म्हणजे संस्थेंत तिला सांभाळणारी बाई. जन्मदात्री तिला आठवत नव्हती. पण जिच्या कुशींत ती वाढली, तिचें नांव आमच्या एकाहि कागदावर नव्हतें. आम्हीं अनाथ मूल आणलें नव्हतें. एका आईपासून तोडून आणलें होतें.

मग दर रविवारीं आम्ही मावशीला दूरध्वनी करूं लागलों. पत्नीला प्रथम तें जड गेलें. एके दिवशीं मावशी आपण होऊन म्हणाली, “बाळा, मी आतां तुझी आजी. आई तुझ्याजवळच आहे.” बोलतांना तिचा आवाज कांपला.

त्या रात्रीं चपला दाराशीं राहिल्या. आमचें दत्तविधान त्या दिवशीं पुरें झालें, असें मी समजतों.