शीड, इंजिन आणि पैनगंगा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या बेला भागातून पैनगंगेपलीकडे, यवतमाळच्या सोयऱ्यांकडे जायचं तर लहानपणी डोंगाच. नावाडी बांबू रेटायचा, आम्ही बुडाशी उकिडवे बसायचो. शिडाची होडी मी पाहिली ती पार ऐंशीच्या दशकात, दापोलीच्या कृषी विद्यापीठात कामानिमित्त गेलो तेव्हा, हर्णे बंदरात.

ओळखीतल्या एका तांडेलाने आपल्या होडीतून नेलं. छोटी होडी, मागे डिझेल इंजिन आणि मधोमध डोलकाठी. इंजिन असताना शीड कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "डिझेल फुकट मिळतं काय, मास्तर?"

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा होता. त्यावर शीड फुगवून निघालो. उजाडल्यावर वारा पडला आणि इंजिन धडधडू लागलं. लाटा आडव्या येऊ लागल्या तशी होडी अशी डोलायला लागली की पोटातलं सगळं वर आलं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला, तेव्हा त्याने इंजिन चालू ठेवूनच शीडही उभारलं. होडी एका अंगाला जराशी कलली, पण डुलणं आवरलं. डिझेल वाचतं हे ठाऊक होतं. शिडामुळे पोटही जागेवर राहतं हे तिथे कळलं.

परतताना सुवर्णदुर्ग दिसू लागला आणि इंजिन गुदमरून थांबलं. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंतला होता. "वाऱ्याच्या अंगाला सरका, मास्तर. उभं नाही राहायचं," एवढंच तांडेल बोलला. लहान होडीत माणसंच वजनाचं काम करतात. सगळे कललेल्या बाजूला गेले की उलटायला वेळ लागत नाही. शीड होतंच, खारा वाराही किनाऱ्याकडेच नेणारा. बंदराजवळ मात्र त्याने बऱ्याच आधी शीड उतरवलं, वल्ही काढली आणि नांगर हाताशी घेतला, कारण शिडाच्या होडीला ब्रेक नसतो.

हेच सकाळी मतलई वाऱ्यात झालं असतं तर, असं मी विचारलं. "मग नांगर टाकून वाट बघायची." तो वारा उलट बाहेरच नेतो. शीड अडचणीत कामाला येतं, पण दर वेळी नाही. आणि त्या दिवशी ते चटकन वर गेलं ते रोज वर जात होतं म्हणून. शेजारच्या एका होडीतलं शीड मी पाहिलं होतं: जाळ्याखाली दाबलेलं, दोर कडक झालेले.

शीड आणि इंजिन या जोडीचा तोटाही आहे. इंजिनाचं वजन वाहायचं, शिडावर जाताना पाण्यात ओढला जाणारा पंखा सोसायचा आणि देखभाल दोन्हींची करायची. शर्यतीच्या शिडाच्या होडीसारखी ती पळत नाही, मोटरबोटीसारखी मोकळीही नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शीड उभं असलं तरी इंजिन चालू असेल तर ती यांत्रिक नावच. शिडाच्या नावेला मिळणारा वाटेचा मान तिला नाही.

आता पुतण्याच्या डोक्यात आलंय, पैनगंगेत अशीच नाव घालायची. मी शिडाला साफ नाही म्हटलं. नदी वळणांची, काठ उंच. वारा कधी नाहीच, आला तर झटक्याने येणार. वरून विजेच्या तारा गेल्यात, त्यांना डोलकाठी लागली तर काय? पावसाळ्यात झाडंच्या झाडं वाहत येतात, उन्हाळ्यात पंखा दगडाला लागेल. चनाखा-कोरटा बॅरेजच्या दरवाज्यांजवळ तर कुठलीच नाव न्यायची नाही. इथे इंजिनाला जोड बांबूची, वल्ह्याची आणि लांब दोर बांधलेल्या नांगराची.

शिडाचा नाद त्याने सोडलाय. लाइफ जॅकेटांवरून भांडण अजून चालू आहे. म्हणतो, "काका, मला पोहता येते नं." पण नावेत बसणार आहे त्याची आजी.