पदवी, पदव्युत्तर आणि पुरावा: संभाजीनगरातले सायबर सुरक्षेचे शिक्षण

सायबर सुरक्षेत पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण जोडून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक आधीच आखून दिलेला असतो: प्रवेश एकदाच घ्यायचा, पाच वर्षे एकाच संस्थेत शिकायचे आणि दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडायचे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात सायबर सुरक्षेचा असा बी.टेक.-एम.टेक. अभ्यासक्रम आहे. हे विद्यापीठ 2009 साली गुजरातचे राज्य विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि 2020 मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. दुसऱ्या मार्गात विद्यार्थ्याला तुकडे स्वतःच जुळवावे लागतात. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, या दुसऱ्या मार्गाने झाले. आधी बी.एस्सी. संगणकशास्त्र, मग डिजिटल पुराव्याचा अभ्यास आणि त्याला जोडून एम.एस्सी.

या शहरात ते तुकडे एकमेकांपासून फार दूर नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले. ते औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि तिथे संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाचा विभाग आहे. राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजेच नाईलिटचे केंद्रही त्याच आवारात आहे. जवळच, लेण्यांच्या रस्त्यावर निपट निरंजन नगरात, राज्य सरकारने 2009 साली स्थापन केलेली शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. तिथे न्यायसहायक विज्ञानाच्या बी.एस्सी. व एम.एस्सी.बरोबरच डिजिटल व सायबर न्यायसहायक विज्ञान आणि संबंधित कायदा या विषयाची पदव्युत्तर पदविका शिकवली जाते. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठही 1981 पासून याच शहरात आहे. सायबर सुरक्षा शिकणाऱ्याला त्याचा काय उपयोग, हे पुढे येईलच.

पदवीची तीन वर्षे पाया घालण्याची. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस, सी भाषा, लिनक्सच्या आज्ञा. बीड, परभणी, हिंगोलीहून आलेली कित्येक मुले पहिल्याच महिन्यात हॅकिंग शिकायला मिळेल या आशेने येतात आणि समोर पॅकेटचे मथळे व मेमरीचे पत्ते पाहून हिरमुसतात. तरीही हा पाया घाईने उरकू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यातला मोठा वाटा 28 देशांतल्या एटीएममधून काढला गेला. एटीएमची विनंती स्विचकडे जाते, स्विच ती बँकेच्या मूळ प्रणालीला विचारतो आणि मगच होकार देतो. चोरांनी मधल्या जागी खोटा स्विच उभा करून तो होकार स्वतःच दिला. ही साखळी ज्याला कागदावर काढता येत नाही, त्याला हल्ला कुठे झाला हे कितीही महागडे सॉफ्टवेअर दिले तरी सापडणार नाही.

तुकडे जोडताना सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो पुनरावृत्तीत. पदवीला शिकलेले नेटवर्क एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात पुन्हा सुरुवातीपासून सुरू होते, कारण वर्गात वेगवेगळ्या महाविद्यालयांतून आलेली मुले असतात. सलग पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा खरा फायदा इथे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुसऱ्या मार्गावरची ही अडचण थोडी हलकी केली. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतल्यास पदव्युत्तर पदवी एका वर्षात पूर्ण करता येते आणि मिळवलेली क्रेडिट्स अकॅडेमिक बँकेत जमा राहतात. वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याची मुभाही विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये दिली.

पदव्युत्तर टप्प्यावर विषयाचा रोखच बदलतो. आतापर्यंत यंत्र कसे चालते हा प्रश्न होता. आता यंत्रात काय घडले आणि ते दुसऱ्याला पटेल असे कसे दाखवायचे, हा प्रश्न येतो. त्याचे पहिले प्रात्यक्षिक साधे असते. एक पेनड्राइव्ह मुद्देमाल म्हणून टेबलावर येतो. पाकिटावरचे सील, सही, तारीख आणि वेळ नोंदवल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. तो सरळ संगणकाला लावायचाही नसतो, कारण फाईल न उघडताही विंडोज त्यावर आपले छुपे फोल्डर तयार करू शकते. म्हणून मध्ये राइट ब्लॉकर जोडतात. त्यातून वाचता येते, लिहिता येत नाही. मग बिटला बिट जुळणारी प्रत काढायची आणि मूळ व प्रत या दोन्हींचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा, काढायचा. एसएचए-256 पद्धतीत तो 64 चिन्हांचा असतो. पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक येतात आणि विद्यार्थी बोट ठेवून एकेक चिन्ह जुळवत जातात. त्यानंतर प्रतीतल्या एका मजकुरातला फक्त एक पूर्णविराम काढून पुन्हा हॅश काढला जातो, आणि सबंध ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते. पदवीला परीक्षेपुरते पाठ केलेले हॅशचे सूत्र पुराव्याची राखण करते, हे प्रस्तुत लेखकाला त्या टेबलाशी कळले. दोन्ही पदव्या जिथे खरोखर जोडल्या जातात ती जागा हीच.

हा पुरावा न्यायालयात कसा टिकतो याचा देशभर शिकवला जाणारा खटला याच भागातला आहे. जालना विधानसभा मतदारसंघात 2014 च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा. पण भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65 ब खाली लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. तरीही औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी तो निकाल कायम ठेवला आणि त्याच वेळी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. प्रमाणपत्रासाठी शक्य ते सर्व प्रयत्न करूनही ते मिळत नसेल तर मात्र अशक्य गोष्टीची सक्ती होणार नाही. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणून दाखवले तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्यात आले. जालन्याची मुले वर्गात हा निकाल वाचतात तेव्हा त्यांना गावे आणि नावे समजावून सांगावी लागत नाहीत. कायद्याचा तासही त्या दिवशी लवकर संपत नाही.

1 जुलै 2024 पासून कलम 65 ब च्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 63 आले. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लिहावा लागतो. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, ते वेगळेच. हे काम करणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यात लागतील, आणि नुसता संगणक किंवा नुसता कायदा शिकलेल्याला ते जमणारे नाही.

शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो. मोबाईल किंवा हार्ड डिस्कचे विश्लेषण हे नेहमीचे विषय. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे इथे आणखी एक विषय महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांच्या नोंदींचा. सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी 180 दिवस जपायच्या असतात. त्यामुळे अशा प्रकल्पात आधी नोंदींची घड्याळे एकमेकांशी जुळवावी लागतात, मग घटनांचा क्रम लावावा लागतो आणि अखेर तो क्रम अहवालात अशा मराठीत किंवा इंग्रजीत लिहावा लागतो की तपास अधिकाऱ्याला आणि वकिलाला तो एका वाचनात समजेल. तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न याच अहवालावर विचारले जातात.