डाव्या बाजूचे पित्ताशय

आमच्या मोठ्या भाभींचे पोट डावीकडे, बरगडीखाली दुखायचे. बिर्याणी, कबाब असे तेलकट जेवण झाले की हमखास. घरात त्याला 'गॅस' म्हणत आणि ओवा-काळ्या मिठावर भागत असे. गेल्या वर्षी ताप व उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मिरजेला नेऊन सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले. पण पित्ताशय आणि यकृत दोन्ही डाव्या बाजूला! एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसले. आरशात पाहावे तशी आतली सारी रचना उलटी. डॉक्टर तिला 'सायटस इन्व्हर्सस' म्हणतात. साधारण 10,000 माणसांत एखाद्याची रचना अशी असते.

अम्मी घाबरली. म्हणाली, "दुर्बिणीने नको. सगळेच उलटे आहे, पोट उघडून नीट बघून करा."

सर्जननी तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि 5 ते 10 मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा व हत्यारे आत घालतात. एरवी सर्जन रुग्णाच्या डाव्या बाजूला उभे राहतात. इथे उजव्या बाजूला उभे राहावे लागणार होते. उजव्या हाताची सवय असलेल्याला अशा वेळी हात अवघडतो, म्हणून वेळ जास्त लागतो. पण अशा रुग्णांवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाल्याच्या नोंदी 1991 पासून आहेत.

खरा धोका त्यांनी लपवला नाही. चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर ते दुखणे मोठे. "नळी स्पष्ट दिसली नाही तर मी पोट उघडेन. त्यात कमीपणा नाही," ते म्हणाले. या एका वाक्यावर अम्मीने होकार दिला.

जर्मनीत एरिश म्यूह यांनी 1985 मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हा तिथल्या सर्जन मंडळींनीच त्यांना वेड्यात काढले होते. पुढे 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया भारतात सुरू केली. आज ती तालुक्याच्या गावीही होते, म्हणून ती किरकोळ वाटते. पण कातडीवरची जखम लहान असली, तरी आतले काम तेवढेच मोठे असते. तेव्हा सर्जनना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: अशा किती शस्त्रक्रिया केल्यात, आणि पोट उघडायची वेळ कधी येईल?

अल्हम्दुलिल्लाह, भाभी तिसऱ्या दिवशी घरी आल्या. दोन दिवस खांदा दुखला. तो पोटात भरलेल्या वायूचा परिणाम, असे आम्हाला आधीच सांगितले होते.

आता त्यांच्या पर्समध्ये रिपोर्टची प्रत कायम असते. त्यांचे अपेंडिक्सही डावीकडेच आहे आणि ईसीजीच्या तारासुद्धा उलट्या बाजूने लावाव्या लागतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या की आधी तो कागद पुढे करतात, मग दुखणे सांगतात.